कायमस्वरूपी जाळी

"अहो, मी म्हणते आपली स्वतःची एक करून घेऊ या की! किती दिवस सगळ्यांतली जाळी मागून आणायची?"

"डोकं खाऊ नकोस सकाळी सकाळी. साहेब वर्षातून एकदा येतो. पट्टा रोज घसरतो. मी कोणाचं ऐकू, साहेबाचं का पट्ट्याचं?"

समोरच्या गिरणीत हे भांडण पेटलं तेव्हा मी माझ्या दुकानाच्या फळ्या काढत होते. किराण्याचं दुकान आहे माझं. गिरणीवाला न् गिरणीवाली काय बोलतात ते ऐकायला मला मुद्दाम कान द्यावे लागत नाहीत. मोटरीच्या आवाजात बोलून बोलून दोघांना हळू बोलणं म्हणजे काय तेच ठाऊक नाही. मोटर बंद असली तरी ओरडतात. गोड बोलायचं झालं तरी ओरडूनच.

भांडण जाळीचं होतं. गिरणीचा पट्टा मोटरीवरून जात्याच्या चाकावर फिरतो. त्याच्याभोवती लोखंडी जाळी पाहिजे, नाहीतर सुरक्षेचा दाखला मिळत नाही. दाखला नाही तर गिरणीला सील. कायदा चांगलाच आहे, मी काय वाईट म्हणत नाही. पण पट्टा जुना झाला की घसरायला लागतो. मग चालत्या पट्ट्याला राळेचा खडा घासावा लागतो, तेव्हा कुठे तो चाकाला धरतो. जाळी बसवली की प्रत्येक वेळी मोटर बंद करा, नटबोल्ट काढा, राळ लावा, पुन्हा नटबोल्ट आवळा. तोवर दारातल्या बायका डोक्यावर बसतात. म्हणून आमच्या भागातल्या सगळ्या गिरणीवाल्यांनी मिळून एकच जाळी करून घेतली. साहेब ज्या गिरणीत जाणार त्या गिरणीत ती आधी जाते. दरवर्षी नवा रंग लावतात, टेंपोत उभी करतात, दोन माणसं दोन्ही बाजूंनी धरून बसतात. गाव तिला नवरदेव म्हणतं. नवरदेव आला, नवरदेव निघाला, असं आम्ही सगळेच हसायचो. मीही हसायचे.

हसायची नाही ती फक्त गिरणीवाली. राळ लावायचं काम तिचं होतं ना!

"भावजी," मी माझ्या फळीवरूनच म्हटलं, "ती म्हणते ते काय चुकीचं आहे? जाळीला एक छोटं दार ठेवायचं, राळ लावण्यापुरतं."

"ताई, तुम्ही तुमचा गूळ विका," गिरणीवाला म्हणाला. वर खो खो हसला.

त्याच दिवशी नवरदेव आला. बसवला. दुपारी तपासनीस साहेब जीपमधून उतरले. अंगावर पीठ उडू नये म्हणून रुमाल नाकाला लावूनच आत शिरले. मी सरबताचे पेले घेऊन गेले होते, म्हणून मला सगळं दिसलं. साहेबांनी जाळीवर बोटानं टकटक केलं. मग तिच्या कोपऱ्यात पडलेल्या पोच्यावर बोट ठेवलं.

"ही जाळी ओळखीची वाटते मला."

गिरणीवाल्याचा चेहरा पिठापेक्षा पांढरा पडला. "साहेब, सगळ्या जाळ्या सारख्याच दिसतात."

"हो ना. पोचासुद्धा सारखाच." साहेब हसले. हसत हसत त्यांनी सही केली, शिक्का मारला न् सरबत पिऊन गेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे मेल्या, दिसतंय तर बोल की! पण मीही मूग गिळून बसले. गावात राहायचं म्हणजे कोणाकोणाशी वाकडं घ्यायचं?

जीपची धूळ खाली बसायच्या आत माझ्या दुकानामागे दडवलेला टेंपो गिरणीच्या दारात लागला. पुलाकडच्या गिरणीचा मालक घाईला आला होता. "आवरा आवरा! साहेब मोठ्या रस्त्यानं गेलेत, मला शेतातून पुढं गाठायचंय."

इकडे गिरणीवाली दाखला हातात धरून एकेक अक्षर लावून वाचत होती. "पट्ट्याभोवती संरक्षक जाळी... कायम... कायमस्वरूपी बसविण्यात आली आहे. अहो, कायमस्वरूपी म्हणजे?"

"म्हणजे कायमची," नट सोडता सोडता तिचा नवरा म्हणाला.

"मग ही चालली कुठं?"

टेंपोतली माणसं पोट धरून हसली. ती दाखला घेऊन तशीच उभी. मग तिनंच खिळा ठोकून तो भिंतीवर लावला, पट्ट्याच्या बरोबर वर.

पुढे गव्हाची काढणी आली. वारा असा तापलेला की शेतातलं भूस उडून थेट डोळ्यांत. गिरणीत पोती छतापर्यंत लागलेली. माणसाला वळायला जागा नाही, आणि बाहेर रांग. जो तो म्हणतोय आधी माझं दळा. पट्टा सारखा घसरत होता. गिरणीवाला जात्याच्या तोंडाशी धान्य ओतत होता, तिथूनच ओरडला, "अगं, राळ लाव! झोपलीस काय?"

ती पोत्यांवरून वाकून खडा घासायला गेली. पट्ट्याला जिथे जोड असतो तिथे तारेची पिन असते. त्या पिनेत तिची बांगडी अडकली. एवढंच. मी दुकानातून ऐकलं ते तिचं ओरडणं नव्हतं, ती ओरडली ते कोणाला कळलंच नाही. त्या घरात सगळे ओरडतातच. मला ऐकू आला तो जात्याचा आवाज बदललेला. मोटरीचं बटण पोत्यांच्या पलीकडे. पोती ढकलून गिरणीवाला तिथे पोचेपर्यंत उजवा हात कोपरापासून गेला होता.

मी माझ्या दुकानातली नवी चादर फाडून तिला बांधली. टेंपोत घातली. मागे रांगेतला एक जण मला विचारतो, "आता माझ्या दळणाचं काय? पीठ लाल झालंय." त्याला मी काय शिव्या घातल्या ते इथं सांगत नाही.

जाताना टेंपो तिला दवाखान्यात घेऊन गेला. येताना वाटेवरच्या पुलाकडच्या गिरणीतून जाळी घेऊन आला. फेरी रिकामी कशाला घालवायची! रात्र व्हायच्या आत नवरदेव जागेवर बसला होता. नट नीट आवळलेले. खालची फरशी धुतलेली.

ती घरी आल्यावर साहेब चौकशीला आले. ओट्यावर खुर्ची टाकली. ती भिंतीला टेकून बसलेली, पदराखाली झाकलेलं ते थोटूक. शेजारी सून. पोरगा ट्रकवर असतो, तो लांबच होता. कोणी बोलवलं नसताना मी जाऊन बसले.

"हे बघा," साहेब म्हणाले, "दाखल्यात जाळी आहे. दाखल्यावर माझी सही आहे. आता जाळी नव्हती असं कोणी म्हणालं, तर गिरणीला आजच सील. मालकावर केस. माझं काय व्हायचं ते होईल, पण तुमची चूल बंद. जाळी होती, असं म्हणालात तर प्रश्न मिटला. अपघात तो अपघात."

"साहेब, तुम्ही स्वतः तो पोचा बघितलात की!" मी उसळले.

"या कोण?"

"शेजारी आहेत, साहेब. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका," गिरणीवाला म्हणाला. माझ्याकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

साहेब तिच्याकडे वळले. "जाळी होती ना बाई?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तीस वर्षं पोत्याला पोतं लावून संसार केलेला माणूस! मला वाटलं, आता तरी याला पाझर फुटेल. त्यानं नुसती मान खाली घातली.

"होती," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा इतकं हळू बोलली.

"मग हात आत गेला कसा?"

"मीच नट काढले. मीच घातला."

"मालकांनी मना केलं होतं?"

बाहेर टेंपोवाला हॉर्न वाजवत होता, पुलाकडे जाळी परत न्यायची होती. ती म्हणाली, "हो. नेहमी करायचे."

साहेबांनी कागद पुढे केला. "इथं सही." मग त्यांच्याच ध्यानात आलं. "बरं, डावा अंगठा चालेल." चार इयत्ता शिकलेली बाई ती. तिचा अंगठा साहेबांनी स्वतः धरून शाईत बुडवला.

जीप गेली. जाळी निघाली. टेंपोत चढवताना ती ओट्यावरून म्हणाली, "अहो, आता तरी आपली एक करून घ्या."

"आता कशाला?" तो म्हणाला. खरंच सांगते, वाईट हेतूनं नाही, अगदी समजुतीनं म्हणाला. "आता दाखल्यात आहेच की."

गिरणी चालू आहे. समोरच तर आहे, रोज दिसते. राळ आता सून लावते. मोटर सुरू झाली की सासू घरातून उठते, पिठातून वाट काढत जाते न् पट्टा आणि सून यांच्या मधे जाऊन उभी राहते. सुनेची चिडचिड होते.

"सासूबाई, बाजूला व्हा ना! माझा हात पोचत नाही."

"नकोच पोचायला," ती ओरडते, आणि जागची हलत नाही.