शिळं पाणी

सोलापुरात समुद्र पाळू नये असा कायदा नाही. असता तर तोही मी मोडला असता.

जुळे सोलापुरातल्या आमच्या हॉलमध्ये तीन फुटांची काचेची टाकी आहे. तिच्यात खारं पाणी, दगड, दोन नारिंगी मासे आणि माझी मऊ प्रवाळं. ही दगडासारखी कडक नसतात, कोवळ्या पालवीसारखी हाताला लागतात. त्यातलं एक तर दिवसभर इवल्या इवल्या मुठी उघडत-मिटत असतं. इसूफभाईंच्या शोभेच्या माशांच्या दुकानात ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगठ्याएवढं होतं. इसूफभाई म्हणाले, "भाभी, गोल्डफिश लेको जाव. ये तुमारे बस का नै." झालं, तिथंच माझं ठरलं.

दीड वर्षात त्या अंगठ्यानं अर्धी टाकी व्यापली. दर महिन्याला ब्लेडनं छाटावं लागायचं, नाहीतर शेजारच्या दगडावर चढून बसायचं. मला त्याचा राग येत नसे. आमच्या घरात कुणाची परवानगी न विचारता वाढणारं ते एकटंच होतं.

माझ्या नवऱ्याला, गुरुला, ते डोळ्यांत खुपायचं. "इथं प्यायच्या पाण्याची बोंब, आणि ही बेचाळीस डिग्रीत समुद्र सांभाळत्येय!" एप्रिलमध्ये आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि त्यानं अट घातली. मे महिना निघाला तर टाकी राहील. प्रवाळं मेली, तर टाकी त्याच्या ऑफिसातल्या सिद्धलिंगप्पांना जाईल. मी म्हटलं, "चालेल." रागात माणूस काय वाटेल ते कबूल करतो.

त्याच सुमाराला सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. आम्ही तेलुगू, मी त्यांना अत्तम्मा म्हणते. तीस वर्षं त्यांनी विड्या वळल्या, दिवसाला हजार. आता नजर कमी झाली म्हणून बंद केल्या, पण दोऱ्याचं रीळ अजून त्यांच्या पेटीत असतं. टाकीबद्दल त्या चांगलं बोलत नसत, वाईटही बोलत नसत. येता-जाता नाक मुरडत, एवढंच.

मेच्या मध्यावर, पाण्याच्या दिवशी, घात झाला. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. ते आलं की घरातली बाई आधी काय करते? साठवलेलं शिळं पाणी ओतून देते, भांडी घासते आणि ताजं भरून ठेवते. अत्तम्मांनी आयुष्यभर तेच केलं होतं. मोरीजवळच्या निळ्या पिंपात मी टाकीसाठी मीठ कालवून पाणी तयार ठेवलं होतं. त्यांनी ते ओतलं, पिंप काथ्यानं घासलं, नळाचं पाणी काठोकाठ भरलं आणि झाकण होतं तसं लावलं.

संध्याकाळी मी कामावरून आले. खारटपणा मोजायचं यंत्र कपाटात होतं. ते काढायचा मला कंटाळा आला. नेहमीसारखं टाकीतलं दोन बादल्या पाणी काढलं आणि पिंपातलं दोन बादल्या घातलं. चूक त्यांची असेल, पण न मोजता ओतणारा हात माझा होता.

अर्ध्या तासात सगळ्या मुठी मिटल्या. मग फांद्या लोंबायला लागल्या. मी पिंपात बोट बुडवून जिभेला लावलं. गोडं पाणी, वर नळाच्या पाण्यातल्या औषधाचा वास.

"अत्तम्मा, या पिंपातलं पाणी?"

"शिळं होतं की ग. लई दिवसाचं. ओतलं आन् ताजं भरलं."

मी मटकन खाली बसले आणि रडले. लपवून नाही, मोठ्यांदा.

दोन दिवसांत त्या मऊ रानाचा लगदा झाला. हॉलमध्ये कुजका वास सुटला. गुरु दारातच नाकाला रुमाल लावून म्हणाला, "मेलंय की. सिद्धलिंगप्पाला सांगतो, शेवटच्या रविवारी टेम्पो घेऊन ये."

"महिना संपलेला नाही," मी म्हटलं. "बोट लावशील तर बघ."

मी पाणी थोडं थोडं करून पुन्हा खारं केलं. सडलेलं सगळं कापून टाकलं. त्यातून बोटाच्या पेराएवढे अकरा तुकडे हाती लागले. ते दगडाला चिकटेनात. डिंकासारखं काही लावलं की बुळबुळीत होऊन सुटायचे. दोऱ्यानं बांधायला गेले, तर आवळला की तुकडा चिरे आणि सैल सोडला की निसटे. दोन तुकडे मी तसेच वाया घालवले.

अत्तम्मा मागं उभ्या होत्या, मला कळलंच नाही. "सरक," त्या म्हणाल्या. पेटीतून रीळ आणलं. खाऱ्या पाण्याची परात पुढ्यात घेऊन मांडी घालून बसल्या. तुकडा दगडावर ठेवला, दोरा दोनदा फिरवला, नखानं दाबून गाठ बसवली. तुकडा चिरला नाही, हललाही नाही.

"पान फाटू द्यायचं न्हाई आन् विडी सुटू द्यायची न्हाई," त्या म्हणाल्या. "त्यात काय हाय?"

नऊ दगड बांधून झाले. डोळ्यांनी नाही, बोटांनी बांधले त्यांनी.

शेवटच्या रविवारी सकाळीच सिद्धलिंगप्पा टेम्पो घेऊन हजर झाले. टाकीत अंधार होता, दगडांवर नऊ मिटलेल्या गाठी. गुरु म्हणाला, "बघ. काय राहिलंय यात?"

"अकराला टाकीचा दिवा लागतो, उजेडाशिवाय ती उघडत नाहीत," मी म्हटलं. "तोवर कुणी हात लावायचा नाही."

अत्तम्मांनी खुर्ची ओढली आणि टाकीला पाठ लावून बसल्या. सिद्धलिंगप्पा बिचारे अवघडून चहा पीत राहिले. अकराला दिवा लागला. पाच मिनिटं काहीच नाही. मग कोपऱ्यातल्या दगडावरची एक मूठ उघडली. मिटली. पुन्हा उघडली. तिच्या बाजूची दुसरी.

"अरे, हे जित्तं हाय की!" सिद्धलिंगप्पाच ओरडले.

गुरु अजून अडून होता. "आई, ऊठ. मी शब्द दिलाय त्यांना."

"शब्द तू दिला. गाठ मी मारली." अत्तम्मा जागच्या हलल्या नाहीत. "तीस वर्षं बांधत आले मी. जे बांधलं ते लोकांनी जाळलं. हे पयल्यांदा वाढायलंय. टाकी न्यायची तर मला बी टेम्पोत घाल."

गुरुनं सिद्धलिंगप्पांपुढे हात जोडले. मी सिद्धलिंगप्पांना आणखी एक कप चहा दिला, गोल्डफिशसाठी इसूफभाईंच्या दुकानाचा पत्ता दिला, आणि रिकामा टेम्पो वळून जाईपर्यंत गॅलरीत उभी राहिले.