मी आजोबांच्या आधी ज्वालामुखीवर पोहोचले

एकताचा जन्म झाला ते साल २०१३. त्याच साली माझाही जन्म झाला. मित्रांनो, मी एक जुनी वेताची काठी आहे. सिंगापुरात यिशुन नावाचा भाग आहे, तिथल्या चौथ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये माझे सगळे आयुष्य गेले.

एकताची आई प्रियदर्शिनी संशोधक आहे. तिला मुलगी झाली तेव्हा तिचे आईवडील, म्हणजे उत्तमआजोबा आणि सरिताआजी, नात सांभाळायला जालन्याहून इथे आले आणि इथलेच झाले. बाळासाठी आजीने वेताचा पाळणा करायला टाकला. कारागीर एक म्हातारा चिनी गृहस्थ होता. त्याने वेत भिजवला, आचेवर धरून वाकवला आणि पाळणा विणला. शेवटी एक जाड, सरळ वेत उरला. तो त्याने घासून गुळगुळीत केला, खाली रबराचे बूच बसवले आणि पाळण्याबरोबर तसाच देऊन टाकला. तो उरलेला वेत म्हणजे मी.

पाळण्याचे फार कौतुक झाले. माझ्याकडे बघून आजोबा म्हणाले, “मला कशाला काठी? मी वीज मंडळात खांबावर चढणारा माणूस. ठेवा तिकडे.”

मग मी तिकडेच राहिले. कधी खिडकीबाहेरचे कपडे ओढून घ्यायला, कधी पलंगाखाली गेलेले शटलकॉक काढायला माझी आठवण व्हायची. एकता पाच वर्षांची असताना तिने आईचे जांभळे नेलपॉलिश घेऊन माझ्या मानेशी पट्टे ओढले. तिला ओरडा बसला, पण मला दागिना मिळाला.

पुढे एकदा बाजारात मासळीवाल्यासमोरच्या ओल्या फरशीवर आजोबा घसरले आणि त्यांचा उजवा गुडघा कायमचा दुखावला. त्या दिवसापासून मी त्यांच्या हातात आले. पहिले काही दिवस लोकांसमोर ते मला पाठीमागे धरायचे. हळूहळू मात्र आमची चाल जुळली. आधी मी, मग त्यांचा दुखरा पाय, मग चांगला पाय.

आता खरी गोष्ट सांगते.

एकदा एकता शाळेचे पुस्तक घेऊन आजोबांजवळ बसली होती. त्यात ज्वालामुखीचे चित्र होते. स्वयंपाकघरातून प्रियदर्शिनी म्हणाली, “बाबा, आपल्याकडचा काळा दगड आहे ना, तो म्हणजे थंड झालेला लाव्हाच.”

आजोबांनी कप खाली ठेवला. “आपल्याकडचा म्हणजे? आमच्या खाणीतला?”

“खाणीतला, डोंगरातला, सगळा. कोट्यवधी वर्षांपूर्वी तो जमिनीतून वाहत आला.”

आजोबांचे वडील दगडखाणीत कामाला होते. लहानपणी आजोबांनीही त्यांच्या शेजारी बसून खडी फोडली होती. तो दगड एके काळी विस्तव होता हे ऐकून त्यांनी एकताचे पुस्तक जवळ ओढले आणि चित्रावर बोट ठेवले. मग म्हणाले, “तो ज्या तोंडातून येतो, तसलं एखादं तोंड मला बघायचंय. चालत जाऊन बघायचंय.”

मित्रांनो, तेव्हापासून घरात हा एकच विषय. आसपासच्या देशांत ज्वालामुखी आहेत, पण लेकीची सुट्टी आणि बापाचा बरा गुडघा एकाच वेळी जुळून येत नव्हते. अखेर २०२४ च्या जूनमध्ये प्रियदर्शिनीला इटलीतल्या नेपल्स शहरात एका परिषदेला जायचे होते. एकताला शाळेची सुट्टी होती. तिचे बाबा प्रीतम सेम्बावांगच्या शिपयार्डमध्ये कामाला, त्यांना रजा मिळाली नाही. पण बाकी चौघे निघाले, आणि पाचवी मी. परिषदेनंतर एकच दिवस मोकळा होता. त्या एका दिवसात सकाळी व्हेसुव्हियस नावाच्या ज्वालामुखीवर चढायचे आणि दुपारी पायथ्याशी असलेले पॉम्पेई बघायचे. दोन हजार वर्षांपूर्वी याच डोंगराच्या राखेखाली गाडले गेलेले ते रोमन लोकांचे शहर.

प्रियदर्शिनीने एक अट घातली. “डॉक्टरांनी सांगितलंय, काठीशिवाय चढ नाही. काठी असेल तरच वर. नाहीतर तुम्ही आणि आई खाली थांबायचं.”

“कबूल,” आजोबा म्हणाले.

त्यांनी तयारी अशी केली की विचारू नका. लिफ्ट सोडून दिली. रोज सकाळी आम्ही जिन्याने खाली, जिन्याने वर. शेजारची मलय बाई वाटेत भेटली की लिफ्ट बिघडली असे समजून हसून विचारायची, “अंकल, लिफ्ट स्पॉइल्ट आ?” आजोबा सांगायचे, “नो नो. आय गो व्होल्केनो.”

व्हेसुव्हियसच्या त्या सकाळी आमची बस वळणे घेत घेत वर चढत होती तेव्हा मी आजोबांच्या दोन गुडघ्यांमध्ये उभी होते आणि त्यांचे दोन्ही हात माझ्या डोक्यावर होते. खिडकीबाहेर पिवळ्या फुलांची झुडपे होती, त्यांच्या मधून काळी माती दिसत होती आणि खूप खाली निळा समुद्र. बस थांबली. वरची वाट खडीची, राखाडी आणि लालसर, सरळ आभाळात गेल्यासारखी. तिकिटावर आत जायची वेळ ठरलेली होती आणि तिला अजून थोडा अवकाश होता. बाजूला एक छोटी टपरी होती, सावलीत मोजकी टेबले आणि समोर कॉफीसाठी रांग.

इथे मला सिंगापूरची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, जेवायला गेलो की आधी टेबलावर काहीतरी ठेवतात. टिश्यूचे पाकीट, छत्री, काहीही. मग खुशाल रांगेत जातात. ते टेबल त्यांचे झाले, ती वस्तू कुणी हलवत नाही. याला ‘चोप’ करणे म्हणतात. आजोबांना ही रीत इतकी आवडली होती की ते ओळखीच्या लोकांकडे जेवायला गेले तरी खुर्चीवर रुमाल टाकायचे.

त्यांनी मला टेबलावर आडवे ठेवले. “चोप,” ते म्हणाले, आणि सगळ्यांबरोबर रांगेत गेले.

त्या डोंगरावरची रीत मात्र वेगळी होती. वाटेच्या तोंडाशी एक माणूस पिंपात काठ्या ठेवून त्या पर्यटकांना भाड्याने देत होता. उतरून आलेले लोक त्या कुठेही टाकून जायचे आणि तो त्या गोळा करायचा. त्याने मला टेबलावर एकटीच पडलेली पाहिले, उचलले आणि खांद्यावरच्या जुडग्यात घातले. मी हाक कशी मारणार? पिंपात जाऊन पडले नाही तोच लाल टोपी घातलेल्या एका उंच माणसाने मला बाहेर काढले, हातात तोलले, आणि निघाला की वर.

मी घाबरले होते. पण मित्रांनो, ती वाट! पायाखाली खडी करकर वाजत होती. प्रत्येक वळणावर समुद्र अधिक रुंद होत होता. इतकी वर्षे मी फरशी आणि लिफ्ट एवढेच पाहिले होते. वारा असा की लाल टोपीवाल्याने टोपी काढून खिशात घातली. आणि मी मनात म्हणत होते, अहो, हळू चला, माझा माणूस खाली राहिला.

खाली काय झाले ते मी नंतर घरी इतक्या वेळा ऐकले की ते मीच पाहिले असे वाटते.

कॉफी घेऊन चौघे परत आले तर टेबलावर दोन बायका सँडविच खात बसल्या होत्या.

“बाबा, काठी कुठेय?”

“टेबलावर. चोप केलंय मी.”

एकताने कपाळावर हात मारला. “आजोबा, हिअर कॅनॉट चोप लाह. धिस इज नॉट यिशुन.”

“अहो, काठी विसरलात?” आजी म्हणाली.

“विसरलो नाही. ठेवली होती.”

“ठेवून विसरलात.”

टेबलाखाली पाहिले, टपरीवाल्याला विचारले, सगळीकडे शोधले. तोवर आत जायची वेळ झाली. फाटकावरचा रखवालदार मनगटावरचे घड्याळ दाखवू लागला. ही वेळ गेली की तिकीट गेले, आणि उद्या परतीचे विमान.

प्रियदर्शिनीचा चेहरा उतरला. “बाबा, काय ठरलं होतं?”

“काठी असेल तरच वर,” आजोबा म्हणाले. त्यांनी वाद घातला नाही. एका दगडावर बसले आणि म्हणाले, “तुम्ही जा. एकताला दाखव. मला येऊन सांगा.”

आजीने आपला कॉफीचा कप एकताच्या हातात दिला आणि सरळ काठ्यांच्या पिंपाकडे गेली. त्या माणसाला मराठी येत नव्हते आणि आजीला इटालियन. तिने लंगडत चालून दाखवले, मग आजोबांकडे बोट केले. तो हसला आणि त्याने एक जाडजूड लाकडी काठी काढून दिली. ती आणून आजीने आजोबांच्या हातात ठेवली.

“काठी असेल तरच वर, असं ठरलं होतं ना? ही काठीच आहे. आपलीच पाहिजे असं कुठे ठरलं होतं?”

प्रियदर्शिनी आईकडे बघत राहिली. “आई, तू वकील व्हायला हवी होतीस.”

“आधी वर चला. मग होते.”

रखवालदाराने त्यांना आत घेतले आणि त्यांच्या मागे फाटक ओढले.

मी तोपर्यंत वर पोहोचले होते. लाल टोपीवाल्याने मला कठड्याला टेकवून ठेवले आणि तो फोटो काढू लागला. मला ते विवर समोर दिसत होते. केवढा तो खड्डा! अख्खे यिशुनचे बाजारकेंद्र त्यात मावले असते. कडे पिवळे, तांबडे, काळे. एका कपारीतून वाफ निघत होती, भाताच्या झाकणाखालून निघते तशी. मी ते बघत होते आणि वाटेकडेही बघत होते.

लोक येत होते, जात होते. मग वळणावर एकता दिसली. ती उलटी चालत होती आणि ओरडत होती, “कमॉन आजोबा, लास्ट वन, लास्ट वन!” तिच्यामागे ते आले. परकी काठी जड होती, तिला रबर नव्हते, ती खडीवर सटकत होती. ते दर थोड्या वेळाने थांबत होते. आजी एका बाजूला, लेक दुसऱ्या बाजूला. पण कुणी त्यांना धरले नव्हते. ते स्वतःच्या पायांनी येत होते.

कठड्याशी येऊन त्यांनी आत पाहिले. श्वास लागला होता.

“माझ्या बापानं जन्मभर हा दगड फोडला,” ते म्हणाले. “हा पेटलेला होता हे त्याला कुणी सांगितलंच नाही.”

आजीने पदराने त्यांचा घाम पुसला. तेवढ्यात एकताला माझे जांभळे पट्टे दिसले.

“आजोबा! आवर काठी!”

प्रियदर्शिनीने लाल टोपीवाल्याला इंग्रजीत सगळी हकिकत सांगितली. तो इतका हसला की शेजारच्या लोकांनी वळून पाहिले. त्याने मला दोन्ही हातांनी आजोबांना दिले आणि जाड काठी स्वतःकडे घेतली. आजोबांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळले.

“मला खाली बसवून तू पुढं आलीस होय?”

“तुमच्यापेक्षा लवकर पोहोचली,” आजी म्हणाली. “तिला टेबल धरायला सांगितलं होतं, तिनं ज्वालामुखी धरला.”

दुपारी आम्ही पॉम्पेईत होतो. ऊन भाजून काढत होते, पण कुणाला थांबायचे नव्हते. तिथले रस्ते काळ्या दगडांचे, त्यावर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या. आजोबांनी मला दगडावर आपटून पाहिले, मग वाकून तळहात टेकवला. “आपलाच आहे,” म्हणाले. एका कोपऱ्यावर दगडी ओटा होता आणि त्यात अन्नाची भांडी ठेवायला गोल भोके. एकता किंचाळली, “मम्मी, लुक, हॉकर सेंटर!” आजोबांनी गंभीर चेहऱ्याने मला त्या ओट्याकडे नेले. आजीने मला वरच्यावर हिसकावून घेतले.

पुढे काचेआड माणसांच्या आकृत्या होत्या. राखेत माणसे जिथे पडली तिथे पोकळी राहिली आणि पुढे त्यात प्लॅस्टर ओतून हे आकार काढले. एक जण कुशीवर, हात तोंडाशी घेतलेला. आजोबांनी टोपी काढली. आजीने हात जोडले.

“सगळे पळत सुटले असतील,” आजोबा म्हणाले. “ज्यांना पळता येत नव्हतं त्यांचं काय झालं असेल?”

एकता पुढे धावत होती ती मागे आली आणि त्यांचा दुसरा हात धरून चालू लागली. त्यांच्या चालीने. बाहेरच्या फाटकापर्यंत तिने तो सोडला नाही.

घरी आल्यावर आजोबांनी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. लिफ्टमध्ये सांगितली, बाजारात सांगितली, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला इथली मराठी बौद्ध मंडळी जमली तेव्हा पुन्हा सांगितली. दर वेळी ज्वालामुखी थोडा उंच व्हायचा आणि आजी तो थोडा खाली आणायची.

आता मी दाराजवळ, चपलांच्या कपाटाच्या बाजूला उभी असते. कधीकधी धूळ बसते, मग एकता ओल्या फडक्याने पुसते. मित्रांनो, तुमच्या घरातली काठी, चष्मा, छत्री जपा. पण त्याहून आधी, त्या वस्तू ज्यांच्या हातात आहेत त्यांना विचारा, तुम्हाला अजून कुठे जायचंय? आणि त्यांचे पाय चालतात तोवर त्यांना तिथे न्या. ते हळू चालतील, वाटेत बसतील, सामान भलतीकडे ठेवतील. तरीही न्या.

आमचे आजोबा, उत्तम गायकवाड, २०२५ सालच्या फेब्रुवारी महिन्यात, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, यिशुनच्या घरी वारले.