काळजी घेतली जाते

रावेरच्या केळी व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी हितेंद्रभाऊंची कंपनी जळगावात होती. धुळ्याच्या शाखेत एकटा अभिमन बसायचा. व्यापाऱ्याचा फोन आला की भाऊ सगळ्यांना हातातलं काम सोडायला लावत. अर्धवट काम मग 'स्टॅश' करायचं. कोड सांभाळणाऱ्या 'गिट'मधली ही सोय. अर्धं काम तात्पुरतं बाजूला ठेवा, तातडीचं उरका, मग जुनं परत काढा. परत काढायची वेळ भाऊ फारशी येऊ देत नसत.

एका निर्यातदाराने करार करण्याआधी विचारलं, की तुमच्या कामाच्या पद्धती लिहून ठेवलेल्या आहेत का. भाऊंनी लगेच हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर सुलक्षणाला बोलावलं. ती नुकतीच नोकरीला लागली होती. तुझं अक्षर चांगलं आहे म्हणून पद्धतींच्या पुस्तिकेतलं स्टॅशचं प्रकरण तू लिही, असं ते म्हणाले. खरं तर ते टाइप करायचं होतं.

काम मात्र तिने मन लावून केलं. रिकामा प्रोजेक्ट घेऊन ती फायली स्टॅश करायची, परत काढायची, काय आलं नि काय राहिलं ते बघायची. तिला दिसलं ते तिने सरळ लिहिलं: स्टॅश केलेलं काम त्याच संगणकावर राहतं, सर्व्हरवर जात नाही. गिटला अजून माहीत नसलेल्या नव्या फायली आपोआप स्टॅशमध्ये जात नाहीत. त्या फोल्डरमध्ये तशाच पडून राहतात. त्यांच्यासाठी वेगळं सांगावं लागतं.

भाऊंनी वाचलं आणि चष्मा काढला. "यात 'नाही' फार आहे. पाहुणे आले की आपण त्यांना गळकं छप्पर दाखवतो का?"

त्यांनी स्वतः पेन घेतलं आणि नव्या फायलींबद्दलची वाक्यं खोडून लिहिलं: 'नव्या फायलींची योग्य ती काळजी घेतली जाते.'

"पण कोण घेतं, भाऊ?" सुलक्षणाने विचारलं.

"ते वाक्यात यायची गरज नाही."

तिची नोकरी अजून पक्की व्हायची होती. तिने वाक्य तसंच ठेवलं. गुळगुळीत कागदावर, केळीच्या घडाचं मुखपृष्ठ लावून पुस्तिका छापली गेली. निर्यातदाराने मुखपृष्ठ बघून करार केला.

पुस्तिका आतून वाचली ती फक्त अभिमनने. केळीच्या वजनकाट्याला सॉफ्टवेअर जोडायचं नवं काम तो कित्येक आठवडे करत होता, सगळं नव्या फायलींमध्ये. भाऊंचा फोन आला, रावेरला बिल चुकीचं छापतंय, सगळं सोड. एरवी अभिमन आधी पेनड्राइव्हवर प्रत काढायचा. आता काळजी घेतली जात असल्याने त्याने नुसतं स्टॅश केलं. तरी नव्या फायली फोल्डरमध्ये दिसतच होत्या. या उरलेल्या प्रती असणार, असं समजून त्याने त्या साफ केल्या. बिल दुरुस्त झालं. स्टॅश उघडला, तर जुन्या फायलींमधले चार बदल तेवढे परत आले.

त्याने सुलक्षणाला फोन केला. ऑफिसात शुद्ध बोलणारा अभिमन थेट घरच्या अहिराणीत आला होता. "बठ्ठं गयं, ताई. पुस्तकमा लिखेल शे ना, काळजी लेतस म्हनीसन. कोन लेस?"

सगळं गेलं होतं, आणि काळजी कोण घेतं हा सुलक्षणाचाच प्रश्न तो तिला विचारत होता. आपण खरं लिहिलं होतं, हे त्याला सांगून काय उपयोग? तरी तिने सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती पारोळ्यावरून जाणारी एसटी धरून धुळ्याला गेली आणि त्याच्याबरोबर ते काम नव्याने लिहायला बसली.

भाऊंनी चौकशीसाठी दोघांना जळगावला बोलावलं. पुस्तिका दुरुस्त करतील, अशी सुलक्षणाची अपेक्षा होती. भाऊ अभिमनकडे वळले. "ती पुस्तिका ग्राहकासाठी होती. तू कशाला वाचलीस?"

अभिमनने माफी मागितली. सुलक्षणाने मात्र त्याच संध्याकाळी आपला मूळ मजकूर, सगळ्या 'नाहीं'सकट, सर्व प्रोग्रॅमरना पाठवला आणि भाऊंना तसं कळवलं. भाऊ रागावले नाहीत. आमच्याकडे डॉक्युमेंटेशन दोन पातळ्यांवर चालतं, असं ते आता नव्या ग्राहकांना अभिमानाने सांगतात. सुलक्षणाची नोकरीही पक्की झाली.

अभिमनचा दुसऱ्यांदा लिहिलेला कोड पहिल्याच्या निम्मा झाला आणि दुप्पट वेगाने चालला. हे त्या दोघांनी कुणालाच सांगितलं नाही. भाऊंच्या कानावर गेलं असतं, तर सगळ्यांच्या फायली अधूनमधून पुसायचं धोरणच त्यांनी काढलं असतं.