वाय-फायने मागितलेला नंबर

वैजयंतीबाई करंजाड्याला लेकीकडे निघाल्या होत्या. बसमध्ये सवयीने खिडकीची जागा सोडून त्या अलीकडे बसल्या आणि टॅब उघडला. मॅचपायी मालिका बुडाली की घरात महाभारत व्हायचं, म्हणून नवऱ्याने, मधुकररावांनी, हा टॅब घेऊन दिला होता. दिवाळीआधी ते गेले आणि भांडणंही संपली.

बसच्या वाय-फायने मोबाइल नंबर मागितला.

“ह्याला कशाला नसत्या चौकशा?” असं पुटपुटत त्यांनी नंबर टाकला. गॅसवाला, बँक, वाणी, सगळीकडे आजवर जो दिला तोच. स्वतःचा त्यांना कधी पाठच नव्हता.

लगेच पर्समध्ये फोन टिंग करून वाजला. मधुकररावांचाच. “आई, तो नंबर आता बंद करूया,” असं निखिल, त्यांचा मुलगा, सारखा म्हणायचा. पण त्या तो फोन रोज चार्ज करायच्या, बाहेर पडताना सोबत घ्यायच्या.

टॅबवरची नजर न काढता त्यांनी खिडकीच्या बाजूला कोपराने ढोसलं.

“अहो, ओटीपी आलाय. वाचा बघू.”

कोपर कुणालाच लागलं नाही.