जोडीचा खण

पौषातली सकाळ होती. कृष्णा आणि पंचगंगा जिथे एकमेकींच्या गळ्यात पडतात, तिथे त्या सकाळी पाणी दिसत नव्हते, काठ दिसत नव्हता. दिसत होते ते फक्त धुके. दुग्धधवल, मंदगामी, उसाच्या तुऱ्यांवरून अलगद उतरणारे, घाटाच्या पायऱ्या एकेक करून पुसून टाकणारे धुके.

धुक्याआड कुठेतरी सूर्य उगवला होता. त्याचा एक कोवळा, केशरी, भित्रा किरण कुरुंदवाडच्या घाटाकडच्या एका अरुंद गल्लीत शिरला, पद्मजा मगदूमच्या शिवणाच्या खोलीत आला आणि टेबलावर अंथरलेल्या खणावर येऊन थांबला. पुढे जायला त्याचेही मन होईना.

धूपछावी खण होता तो. उजवीकडून पाहिला तर जांभूळवर्ण, डावीकडून पाहिला तर डाळिंबवर्ण. हळदीच्या रंगाचे काठ आणि अंगभर मोहरीएवढी नक्षी. पंचावन्न वर्षे ट्रंकेच्या तळाशी, कडुलिंबाच्या पाल्यात निजलेला. न धुतलेला, न शिवलेला, कुणाच्याही अंगाची ऊब न लागलेला खण.

आणि त्या खणासमोर हातात कात्री धरून पद्मजा उभी होती.

पद्मजा जुन्या वळणाचे कपडे शिवायची. सारे जग पुढे पळत असताना ही बाई हौसेने उलटी चालली होती. फुग्याच्या बाह्या, उभे गळे, पाठीवर कापडी बटणांची ओळ. पुण्याच्या एका बाईंनी कुठल्याशा बंद पडलेल्या शिवणवर्गातले साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे कागदी नमुने जमवले होते. त्यांच्या हुबेहूब नकला काढून त्या विकायच्या. टपालाने गुंडाळी आली की पद्मजा ती निरांजनाच्या वातीला जपावे तशी जपत उलगडायची. कोल्हापूर-सांगलीच्या मुली लग्नाआधीच्या फोटोंसाठी तिच्याकडून असली पोलकी शिवून घ्यायच्या, एक दिवस मिरवायच्या आणि विसरून जायच्या.

हे पोलके मात्र विसरण्यासाठी नव्हते.

कोपऱ्यातल्या खुर्चीत आक्काताई आलासे बसली होती. वय शहात्तर, पाठीत वाकलेली, जिभेने ताठ, कमरेला पानसुपारीची चंची खोवलेली. तिच्या बापाने एका उन्हाळ्यात गुलेदगुड्डच्या बाजारातून दोन खण आणले होते. जोडीचे, एकाच मागावरून उतरलेले. एक आक्काला, एक धाकट्या गंगूला. गंगूने आपला लगेच शिवून घेतला, फुग्याच्या बाहीचा, उभ्या गळ्याचा. आक्का म्हणाली होती, मी दिवाळीला शिवीन.

दिवाळीआधी पूर आला. पैलतीरावर माहेरी आई अंथरुणाला खिळलेली, उशाशी गंगू. ऐलतीरावर सासरी आक्का, आणि मध्ये तांबडी, उन्मत्त, गर्जणारी कृष्णा. नाव बंद होती. तीन दिवस आक्का घाटावर उभी राहिली, ओल्या पदराने, कोरड्या घशाने. पाणी उतरले तेव्हा आई राहिली नव्हती.

“नाव नव्हती तर पवून यायचं हुतंस,” गंगू म्हणाली.

एवढेच म्हणाली. त्या एका वाक्यावर दोघी बहिणींनी पंचावन्न वर्षे काढली. पुढे नदीवर पूल झाला, पुलावरून एस.टी. धावू लागली, दोघींचे केस पिकले, दोघींचे नवरे गेले. पूल नुसताच उभा राहिला. आक्काने खण ट्रंकेत टाकला तो टाकलाच.

आणि यंदा, पौष लागताना, पैलतीरावरून दूधवाल्याच्या तोंडी निरोप आला.

“गंगूमावशीनं सांगितलंय, संक्रांतीला तिळगूळ घ्यायला ये म्हणावं. आनि खण असला अजून, तर अंगात घालून ये म्हणावं.”

म्हणून आता तसेच पोलके हवे होते. गंगूचे होते तसे. फुग्याच्या बाहीचे, उभ्या गळ्याचे, संक्रांतीच्या आत.

कोऱ्या कापडाला वाटेल तेव्हा कात्री लावायची नाही, ही आक्काची रीत. शनिवार नको, अमावास्या नको. गुरुवार, आणि तोही सकाळची उन्हे कापडावर आली की मगच. पण नमुन्याची गुंडाळी टपालाने पोहोचली ती बुधवारी दिवेलागणीला. एरवी पद्मजा आधी साध्या मांजरपाटावर बेतून बघायची, टाचून बघायची, चुकले तर मांजरपाट चुकायचे. यावेळी सवड नव्हती. शिवाय याच बाईंच्या नमुन्यांवरून पाच पोलकी झाली होती, पाचही अंगाला चपखल बसली होती. सहाव्याला काय होतंय, असे तिला वाटले. खरे सांगायचे तर हाताला थोडा गर्व चढला होता.

“लाव बाय कात्री,” आक्का म्हणाली. “उन्हं आली बघ.”

कात्री चालली. रेघेवरून चालली, नेमकी रेघेवरून, केसभरही इकडे नाही, केसभरही तिकडे नाही. जांभळ्यातून डाळिंबी निघाले, डाळिंबीतून जांभळे निघाले. पाठ निघाली, पुढचे दोन भाग निघाले, बाह्या निघाल्या, गळपट्टी निघाली. टेबलावर उरल्या त्या मूठभर चिंध्या. आक्काने पद्मजाच्या तळहातावर साखर ठेवली आणि काठी टेकत घरी गेली.

साखर जिभेवर विरघळत होती, तेव्हा पद्मजाने पाठ आणि पुढचे भाग कडेला कडा लावून ठेवले आणि सहज टेप धरला.

आक्काच्या अंगाला लागायचे तेवढेच कापड होते. तेवढेच, नेमके तेवढेच. शिवणीसाठी सोडायची माया, म्हणजे आत दुमडून जाणारे ते दोन बोटे जास्तीचे कापड, कुठेच नव्हते. बाजूला नव्हते, खांद्यावर नव्हते, बाहीला नव्हते. शिवले की पोलके चार बोटांनी आवळणार. पुढची बाजू पाठीला भेटणारच नाही.

तिने कागद खिडकीशी नेला. आधीच्या पाचही नमुन्यांवर दुहेरी रेघ होती, आतली शिवणीची, बाहेरची कात्रीची. ह्या नमुन्यावर एकच रेघ होती. काल रात्री ती तिला दिसली होती, आणि दिसूनही दिसली नव्हती. कागदाच्या तळाशी, अगदी कडेला, कापल्या गेलेल्या ओळीची नुसती डोकी उरली होती.

तिने पुण्याला फोन लावला.

“अगं बाई!” पलीकडून आवाज आला. “त्या नमुन्यात माया धरलेली नाहीच. दोन बोटं जास्त सोडा, असं खाली लिहिलेलं होतं. नकलेत कापलं गेलं वाटतं. पण तू मांजरपाटावर बघून घेतलंस ना आधी?”

पद्मजाने फोन ठेवला. एकेक तुकडा पुन्हा मोजला. माप तेच निघाले.

मग धुके आणि धुके आणि धुके. शुक्रवारी धुके, शनिवारी धुके, रविवारी धुके. नवऱ्याने विचारले, बरं नाही का? ती म्हणाली, बरंच आहे. भाकरी थापताना तिला माप दिसे, पाणी भरताना माप दिसे. गल्लीत काठीचा टक्टक् आवाज झाला की ती ते तुकडे पटकन झाकी आणि आवाज पुढे गेला की तिला स्वतःचीच लाज वाटे.

ती जयसिंगपूरला गेली, इचलकरंजीला गेली, दुकानामागून दुकान पालथे घातले. चिंधी दाखवी, दुकानदार चिंधी उजेडात धरी आणि मान हलवी. असला रंग आता निघत नाही ताई. शेवटी एका दुकानात एक नवा खण मिळाला. तोही जांभळा, तोही डाळिंबी, काठही हळदीचे. बघणाऱ्याला सख्खा भाऊ वाटावा असा.

तो नवा खण तिने घरी आणला आणि जुन्या तुकड्यांशेजारी ठेवला. मग तिच्या मनात ते आले. ह्याचेच पोलके शिवून दिले तर? दोन बोटे माया सोडून, सुरेख, सुबक, निर्दोष. आक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. कुणाला कळणार होते?

नव्या खणावर तिने खडूने रेघ ओढली. कात्री उचलली. कात्री खाली ठेवली. पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. नवा खण चमकत होता, जुना खण गप्प होता. त्या गप्प तुकड्यांवर हात ठेवून ती रडली, अगदी लहान पोरीसारखी रडली.

भोगीच्या दुपारी काठी आली. टक्, टक्, टक्. दाराशी थांबली. पदराखाली तीळ लावलेली बाजरीची भाकरी होती, पद्मजासाठी.

“आण गं, घालून बघू,” आक्का म्हणाली. “उद्याच्या धाच्या गाडीनं जायाचं हाय.”

पद्मजाने तिला खुर्चीत बसवले. पाणीही विचारले नाही. पाणी विचारले असते तर धीर सुटला असता. तिने सरळ सांगून टाकले.

“आक्का, खण माझ्या हातनं बिघडला. माया न सोडता कापला. नुसता शिवला तर तुमच्या अंगात यायचा नाही.”

आक्काने वाकून ते तुकडे बोटांनी चाचपले, कडेकडेने, हळूहळू, दळण पारखावे तसे. मग तिची बोटे शेजारच्या नव्या खणावर गेली आणि तिथेच थबकली.

“आनि ह्यो कशाला आणलास?”

“तुम्हाला न सांगता ह्याचंच शिवून देणार होते,” पद्मजा म्हणाली. “तुम्हाला दिसणार नाही, असं वाटलं.”

“मला नसतंच कळलं.” आक्काने नवा खण बाजूला सारला. “गंगीला कळलं असतं.”

बाहेर गल्लीत कुणीतरी तीळ भाजत होते, त्यांचा खरपूस वास तेवढा आत येत होता. पद्मजा मान खाली घालून उभी होती. आता ही उठेल, आता ही जाईल, आता हिचा खण, हिची बहीण, हिची संक्रांत, सगळे माझ्या माथी, असे तिला वाटत होते.

आक्काचा हात कमरेकडे गेला. तिने चंची ओढून काढली, टेबलावर पालथी केली. सुपारीची खांडे पडली, चुन्याची डबी पडली, अडकित्ता पडला. रिकामी चंची तिने पद्मजापुढे सरकवली. वर्षानुवर्षांच्या हाताळण्याने विटलेली, राखी पडलेली चंची. पण पद्मजाने तिचा आतला कप्पा उलगडला तेव्हा तळाशी, जिथे उजेड कधी पोहोचला नव्हता, तिथे मोहरीएवढी नक्षी होती. जांभळ्यात डाळिंबी होते.

“गंगीच्या खणातनं उरल्यालं कापड हाय,” आक्का म्हणाली. “तिनं शिंप्याकडनं मागून घिऊन आईला दिलं, आईनं चंची शिवली. आईच्या तेराव्याला गंगीनं माज्या पदरात टाकली. टाकली आनि आत गेली. बोलली न्हाई. उसव ती.”

“आक्का, रंग जुळायचा नाही. दिसून येईल.”

“दिसू दे की. तिला दिसू दे.”

मग त्या दुपारी एका दिवंगत बाईचे बारीक, एकसारखे, मायाळू टाके एकेक करून उसवले गेले. निघालेला प्रत्येक दोरा आक्का बोटाला गुंडाळत होती. जुने शिंपी बगलेत एक चौकोनी तुकडा घालत, हात मोकळा उचलता यावा म्हणून. त्याला चौबगला म्हणत. पद्मजाने चंचीचे दोन चौबगले कापले आणि बगलेपासून कमरेपर्यंत दोन पट्ट्या कापल्या. खांदे अस्तराच्या आधाराने सांधले. यावेळी तिने दोन बोटे माया सोडली, तीनदा मोजली आणि मगच कात्री चालवली. मशीन चालले, थांबले, चालले. आक्का हलली नाही, पाणीसुद्धा प्यायली नाही.

उन्हे कलली तेव्हा पोलके झाले. पद्मजाने ते आक्काच्या अंगात घातले, बटणे लावली. जांभूळवर्ण, डाळिंबवर्ण, फुग्याच्या बाहीचे, उभ्या गळ्याचे. हात खाली होते तोवर विटका तुकडा कुठेच दिसत नव्हता.

आरशापुढे आक्का एवढीशी दिसली.

“पद्मे, तिनं दार उघडलं न्हाई तर?”

पद्मजालाही त्याचीच भीती वाटत होती. तिने ओठांत धरलेली टाचणी काढली आणि शिंपिणीने विचारावे तेच विचारले.

“हात उचलून बघा आक्का. कुठं ओढतंय का?”

आक्काने हात उचलले. आधी थोडेसे, मग आणखी, मग दोन्ही बाजूंना, पुरते, दारात कुणी उभे असावे तसे. आणि त्या उघडलेल्या हातांखाली, दोन्ही बगलांत, गंगूच्या खणाचे तुकडे उमलले. विटके, राखी, जुने. पोटाशी धरायला हात पसरल्याशिवाय कुणालाही न दिसणारे.

“ओढत न्हाई,” आक्का म्हणाली.

खिडकीबाहेर पुलावर पुन्हा धुके उतरू लागले होते. पैलतीर पुसट होत होता, पुसट होत होता, दिसेनासा होत होता. आक्का त्या तीराकडे तोंड करून उभी होती, आणि तिने हात खाली घेतले नाहीत.