प्रेस चालवू का, असं विचारणारी चौकट

मी एक जुनी चौकट आहे, मित्रांनो. भिंतीतली नव्हे, ब्राउझरच्या पानावर मध्येच उगवणारी. पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथली प्रेस हत्तीएवढी. ती खाली आली की जाड पत्रासुद्धा वाकतो, तिथे माणसाच्या हाताची काय कथा! म्हणून तर मला नेमलं. प्रेस संगणकावरच्या पानावरून चालते; तिथलं बटण दाबलं की मी टपकते आणि विचारते, चालवू का? 'हो' किंवा 'नको' मिळेपर्यंत मी पान हलू देत नाही. हट्टीच आहे मी.

प्रेसवर मामा होते. ते मला मोठ्याने वाचत, आत डोकावत, मगच 'हो' दाबत. "बाई विचारते ते बरंच आहे," असं म्हणत. तेवढ्या कौतुकावर मी खूश होते.

मग त्यांची सख्खी भाची कामाला लागली. पान नीट चालतं का, हे तपासणारा प्रोग्राम ती लिहायची. तो खोट्या प्रेसवर, म्हणजे नुसत्या संगणकावर, माणसासारखी बटणं दाबायचा. पण मी उगवले की त्याची बोबडी वळायची आणि सगळी तपासणी अडायची. "मेली परत आडवी आली!" भाची किंचाळायची. शेवटी वैतागून तिने त्याला बजावलं: कुठलीही चौकट दिसली की 'हो' दाब, वाचत बसू नकोस.

तेव्हापासून माझे हाल कुत्रा खाईना. मी तोंड उघडायच्या आत थोबाडीत बसायची. दिवसभर बडवून काढायचा मेला! माझ्यावर काय लिहिलंय, याच्याशी त्याला देणंघेणंच नव्हतं.

एकदा खोटी प्रेस बंद पडली आणि साहेबांना घाई झाली. "खऱ्या प्रेसला जोड. आज कारखान्याला सुट्टी आहे, कोण मरायला येतंय तिकडे?" भाचीने जोडणी बदलली आणि प्रोग्राम सोडला.

मामा आत होते. साच्यात अडकलेला पत्रा काढायला ते सुट्टीतही आले होते आणि त्यांचा उजवा हात साच्यात होता. प्रेसवरच्या कॅमेऱ्याने त्यांना पाहिलं आणि माझ्यावर वेगळाच मजकूर आला: 'आत माणूस आहे. तरीही चालवू का?' मी जिवाच्या आकांताने उघडले. फटकन 'हो' बसला.

प्रेस खाली आली. हाड चुरल्याचा आवाज झाला आणि मग ती किंकाळी. पत्र्यावरून रक्त ओघळत जमिनीवर आलं, आणि तो नालायक पुढचं बटण दाबायला निघालाही होता! भाचीने धावत जाऊन वीज तोडली. माझा नुसता संताप संताप झाला.

मामा इस्पितळातून परतले तेव्हा उजव्या मनगटापुढे काही उरलं नव्हतं. ते भाचीच्या संगणकासमोर उभे राहिले.

"या बाईनं त्या दिवशी विचारलं नाही का गं?"

"विचारलं, मामा."

"मग हो कोण म्हणालं?"

"मीच," भाची रडत म्हणाली, "न वाचता."

मामांनी डाव्या हाताने खुर्ची ओढली. "बस. वाचायला शिकव त्याला."

आता प्रोग्राम मला आधी वाचतो. कधी 'नको'ही म्हणतो. मित्रांनो, मी आडवी आले तर खुशाल चिडा, शिव्या घाला. पण माझ्या प्रश्नापलीकडे कुणीतरी उभं असतं. त्याला पाहिल्याशिवाय हो म्हणू नका.