मागचे पाय आधी

गुरुवारी सकाळी अण्णांनी चहाचा कप लेकीच्या, शिवलीलाच्या कॉम्प्युटरशेजारी ठेवला, पडद्याकडे पाहिलं आणि हसायलाच लागले.

"लीला, ही शेळी हाय का घोडं?"

पडद्यावर काळी, लोंबत्या कानांची उस्मानाबादी शेळी बसली जागा सोडून उठत होती. सात मिनिटांच्या ॲनिमेशनपटाची ती नायिका. पुण्याच्या स्टुडिओसाठी शिवलीला धाराशिवच्या घरातूनच तिला चालवायची, पळवायची. "जिल्ह्याचं नाव बदललं, शेळीचं तेवढं ऱ्हायलं," हा अण्णांचा आठवडाभराचा विनोद होता.

"काय चुकलं आता?" तिनं मान न वळवता विचारलं.

"शेळी मागचे पाय आधी उचलती. पुढचे उचलतं ते घोडं."

ईट गावच्या जनावरांच्या दवाखान्यात अण्णा एकतीस वर्षं कंपाउंडर होते. आजारी शेळ्या उठवण्यातच त्यांची हयात गेली होती.

"अण्णा, कार्टून आहे हे. पाय कोण बघतंय?"

"शेळी बघंल की!"

तेवढ्यात मीटिंग सुरू झाली. दिग्दर्शक स्वानंद बोलत असताना मागं खुडबुड ऐकू आली. पायजमा सावरत अण्णा चक्क फरशीवर ओणवे झाले होते. शिवलीलानं घाईनं आपला आवाज बंद केला, मान वळवून दोन शब्द बोलली आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

रात्री भाकरी खाताना दोघांपैकी कुणीच तो विषय काढला नाही. शुक्रवारी अण्णा अंघोळीला निघाले ते न्हाणीच्या दारातच कोसळले. डॉक्टरांनी नुसती नाडी पाहिली आणि मृत्यूचा दाखला लिहून दिला.

महिन्यानं तिनं काम पुन्हा हातात घेतलं.

"शेळी उठायचा शॉट मंजूर झालाय," स्वानंद फोनवर म्हणाला. "परवा द्यायचाय. आता हात लावू नकोस."

"एक दिवस दे. घोड्यासारखी उठतीय ती."

"हे तुला आत्ता कळलं?"

"नाही," ती म्हणाली. "तेव्हाच कळलं होतं."

मागचे पाय आधी उचलले, तरी जमेना. पुढच्या गुडघ्यांवर शेळी किती वेळ थांबते? विचारायला घरात कुणी नव्हतं. मग तिला आठवलं, स्टुडिओच्या मीटिंगा रेकॉर्ड होतात. तिनं त्या गुरुवारचं रेकॉर्डिंग लावलं.

तिच्या खांद्यामागं, कोपऱ्यात, अण्णा होते. आधी त्यांनी कंबर वर उचलली. गुडघे दुखत असणार, चेहऱ्यावर दिसत होतं. मग हाताचे कोपर फरशीला टेकवून ते तसेच थांबले. तिनं फ्रेम मोजल्या. इतका वेळ तर कुठलीच शेळी थांबणार नाही. अण्णा मान वर करून तिच्याकडे बघत होते. ती कधी बघेल याची वाट पाहत थांबले होते.

मग पडद्यावरची शिवलीला वळली. आवाज नव्हता, पण ओठ स्पष्ट दिसत होते. "पुरे. जा तुम्ही."

अण्णा ओशाळं हसले आणि पलंगाची कड धरून माणसासारखे उठले.

दुपारपर्यंत तिनं शॉट बदलला. शेळीनं कंबर उचलली, गुडघ्यांवर जराशी थबकली, एकेक पाय सरळ करून उभी राहिली. कुणालाही हसू आलं नसतं.

शिवलीलानं खुर्ची पूर्ण मागं फिरवली. फरशी पुसलेली, स्वच्छ होती.

"अण्णा," ती मोठ्यानं म्हणाली, "मी बघितलंच नाही. परत एकदा उठून दाखवा."